स्कॉच व्हिस्कीचे प्रदेश: लेबलावरचे नाव काय सांगते आणि काय सांगत नाही

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. आपण ड्यूटी-फ्री दुकानातून दोन सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टपासून म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या) व्हिस्की आणल्या: एक आयला बेटावरची बुनाहाव्हन १२ आणि दुसरी स्पेसाइडची बेनरोमाख १०. आयला म्हणजे धूर आणि स्पेसाइड म्हणजे मध व फळे, असे आपण वाचले होते. प्रत्यक्षात बुनाहाव्हनमध्ये धुराचा मागमूस नव्हता आणि बेनरोमाखला मात्र हलका धुरकट वास होता. त्यामुळे बाटल्या बनावट तर नाहीत ना, अशी शंका आपल्याला आली. त्या अस्सल असतील तर स्कॉच व्हिस्कीचे पाच प्रदेश लक्षात ठेवून उपयोग काय आणि पुढची बाटली कशाच्या आधारावर निवडायची, असे आपण विचारले आहे.

बाटली हातात न घेता तिच्या अस्सलपणाची हमी कोणीही देऊ शकत नाही. परंतु ज्या कारणाने आपल्याला शंका आली, ते कारण शंकेचे नाही. बुनाहाव्हन १२ ही धूर न दिलेल्या माल्टपासून केलेली व्हिस्की आहे आणि बेनरोमाख १० मध्ये थोडा धूर मुद्दाम ठेवलेला असतो. हॉटेलांतील बार सांभाळणाऱ्यांना व्हिस्की शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि आपल्याला जी अडचण आली ती शिकाऊ मंडळींनाही हमखास येते. तिचे मूळ असे आहे की प्रदेश हे कायद्याच्या दृष्टीने केवळ ठिकाणाचे नाव आहे, पण आपल्याला ते चवीचे नाव म्हणून शिकवले जाते.

कायदा काय म्हणतो ते पाहू. स्कॉच व्हिस्कीविषयीच्या २००९ च्या नियमांनी पाच प्रादेशिक नावांना संरक्षण दिले आहे: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्बलटाउन. स्काय, ऑर्कनी, मल, जुरा, अ‍ॅरन या बेटांचा ‘आयलंड्स’ असा सहावा गट पुष्कळ ठिकाणी दाखवतात, पण कायद्यात तो नाही. ही सगळी बेटे हायलँडमध्ये मोडतात. प्रदेशाचे नाव लावण्यासाठी अट एकच, ती म्हणजे मद्याचे ऊर्ध्वपातन त्या प्रदेशात झालेले असावे. माल्टला धूर द्यावा की नाही, ऊर्ध्वपातनाची तांब्याची भांडी कोणत्या आकाराची असावीत, पिंप कोणते वापरावे, याबद्दल प्रदेशनिहाय एक अक्षरही नियमांत नाही. किमान तीन वर्षे, ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच मुरवणे हे बंधन सर्व प्रदेशांना सारखेच लागू आहे.

या व्यवस्थेतून काही गमतीशीर स्थिती निर्माण होतात. ग्लेनगॉइन ही डिस्टिलरी हायलँड आणि लोलँड यांच्या सीमेवर आहे. तिची भांडी रस्त्याच्या एका बाजूला हायलँडमध्ये आणि मुरवण्याची गोदामे दुसऱ्या बाजूला लोलँडमध्ये येतात. ऊर्ध्वपातन हायलँडमध्ये होते, म्हणून ती व्हिस्की हायलँडची. मॅकॅलन आणि ग्लेनफारक्लस या दोन्ही डिस्टिलऱ्या स्पेसाइडच्या अगदी मध्यात आहेत, तरी त्या लेबलावर ‘हायलँड’ लिहितात, कारण स्पेसाइड हा भूगोलाने हायलँडचाच भाग आहे आणि कायदा तशी मुभा देतो. दुकानात लेबल वाचताना हे ठाऊक नसेल तर गोंधळ होणारच.

हा नकाशा मुळात चवीसाठी काढलेलाच नव्हता. हायलँड आणि लोलँड यांमधील रेषा १७८४ च्या वॉश अ‍ॅक्टने कर आकारण्यासाठी आखली. पश्चिमेला क्लाइडच्या खाडीपासून पूर्वेला टे नदीच्या मुखाकडे जाणारी ही रेषा थोड्याफार फरकाने आजही तीच आहे. १८२३ च्या कायद्याने परवाना घेऊन व्हिस्की करणे परवडू लागले आणि पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात जॉर्ज स्मिथ यांनी परवाना घेतला. त्या खोऱ्याच्या व्हिस्कीची कीर्ती एवढी वाढली की दूरदूरच्या डिस्टिलऱ्याही आपल्या नावाला ‘ग्लेनलिव्हेट’ जोडू लागल्या. अखेर १८८४ मध्ये ‘द ग्लेनलिव्हेट’ हे नाव एकाच डिस्टिलरीसाठी राखले गेले. म्हणजे ठिकाणाच्या नावावर चव विकण्याची पद्धत जुनीच आहे. आज आपण ज्या रूपात प्रदेशांची चव शिकतो, ते रूप मात्र बऱ्याच अंशी १९८८ मध्ये बाजारात आलेल्या ‘क्लासिक माल्ट्स’ या सहा बाटल्यांच्या संचाने रुजवले. ग्लेनकिंची, डॅलव्हिनी, क्रॅगनमोर, ओबन, टॅलिस्कर आणि लागावूलिन या सहा व्हिस्की स्कॉटलंडच्या वेगवेगळ्या भागांच्या प्रतिनिधी म्हणून त्यात मांडल्या होत्या. नव्या माणसाला सुरुवात करून देण्यासाठी तो संच उत्तम होता, आणि आजही त्यातली कोणतीही बाटली मी आनंदाने सुचवीन. परंतु एका प्रतिनिधीवरून सगळ्या प्रदेशाचा स्वभाव ठरवण्याची सवय लोकांना तेव्हापासूनच लागली.

तरीही प्रदेश निरर्थक आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. संगीतातल्या घराण्यासारखे त्यांच्याकडे पाहावे: घराण्याचे नाव ऐकून काही अपेक्षा बांधता येतात आणि त्या अपेक्षांमागे खरा इतिहास असतो, पण गाणे शेवटी त्या गायकाचे असते. व्हिस्कीच्या बाबतीत हा इतिहास मुख्यतः तीन गोष्टींचा आहे: सरपण कोणते मिळत होते, मालाची ने-आण कशी होत होती आणि गिऱ्हाईक कोण होते. या तीन गोष्टी तपासल्या की आपल्या दोन्ही बाटल्यांचे कोडे सुटते.

आयलापासून सुरुवात करतो, कारण तिथे हे सर्वांत स्पष्ट दिसते. या बेटावर झाडे थोडी आणि पीट मुबलक. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जाळतात. मोड आणलेली बार्ली वाळवायला भट्टीत हेच सरपण असे, आणि त्याच्या धुरातील फेनॉल नावाची संयुगे दाण्याच्या टरफलाला चिकटून थेट ग्लासापर्यंत येतात. आयलाच्या पीटपासून येणाऱ्या धुराला आयोडीनचा, मलमपट्टीच्या कापसाचा, समुद्री शेवाळाचा वास असतो; दक्षिण किनाऱ्यावर शेजारी शेजारी असलेल्या लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग यांच्यात तो सर्वांत ठळकपणे जाणवतो. १७७९ पासूनची बोमोर मध्यम धुराची आहे. आपली बुनाहाव्हन बेटाच्या ईशान्य टोकाला आहे. १८८१ मध्ये तिची स्थापना झाली तेव्हा तीही धुरकट व्हिस्की करीत असे. परंतु १९६० च्या दशकात मिश्र व्हिस्की (अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की मिसळून केलेली) करणाऱ्यांना सौम्य माल्ट हवी होती, म्हणून तिने आपली पद्धत बदलली आणि धूर जवळजवळ काढून टाकला. आता ती काही प्रमाणात धुरकट व्हिस्कीही करते, पण १२ वर्षांची नेहमीची बाटली बिनधुराचीच आहे. म्हणजे बेट तेच राहिले, गिऱ्हाईक बदलले. ब्रुकलॅडीचे उदाहरण याहून बोलके आहे: एकाच डिस्टिलरीतून ‘ब्रुकलॅडी’ नावाने बिनधुराची, ‘पोर्ट शार्लट’ नावाने भरपूर धुराची आणि ‘ऑक्टोमोर’ नावाने अतितीव्र धुराच्या माल्टची व्हिस्की बाहेर पडते.

बेनरोमाखची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. स्पेसाइडमध्येही पूर्वी भट्टीत पीट जळत असे. १८६३ मध्ये स्पेच्या खोऱ्यात रेल्वे आली, कोळसा सहज पोहोचू लागला आणि धुराची गरज हळूहळू उरली नाही. शिवाय मिश्र व्हिस्कीच्या व्यापाऱ्यांना इथली गोडसर, फळांच्या वासाची माल्ट हवी होती. तरीही हलका धूर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक ठिकाणी टिकून होता. बेनरोमाख १९८३ मध्ये बंद पडली, १९९३ मध्ये गॉर्डन अँड मॅकफेल या जुन्या व्यापारी घराण्याने ती विकत घेतली आणि १९९८ मध्ये पुन्हा सुरू करताना ती जुनी, किंचित धुरकट स्पेसाइड शैली जाणीवपूर्वक परत आणली. तेव्हा आपल्या ग्लासातली चव स्पेसाइडला परकी नाही. ती आजच्या सरासरी स्पेसाइडपेक्षा जुनी आहे.

इथे एक खुलासा आवश्यक वाटतो. धुराची तीव्रता सांगण्यासाठी ‘पीपीएम’ (दहा लाख भागांत किती भाग) हा आकडा दिला जातो, आणि जितका आकडा मोठा तितकी व्हिस्की धुरकट असे लोक समजतात. हा आकडा बहुधा माल्टमधील फेनॉलचा असतो, बाटलीतील व्हिस्कीचा नसतो. आंबवणे, ऊर्ध्वपातन आणि मुरवणे या टप्प्यांत त्यातला बराचसा भाग कमी होतो. शिकवताना मी नेहमी लागावूलिन आणि कल-ईला या दोघी समोर ठेवतो. दोन्ही आयलाच्या, दोन्हींची मालकी एकाच कंपनीची, दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच माल्टघरातून येतो आणि त्याचे पीपीएमही साधारण सारखेच, म्हणजे पस्तिशीच्या आसपास. तरी लागावूलिन जड, गडद, तेलकट आणि कल-ईला स्वच्छ, हलकी, लिंबाच्या सालीसारखी. फरक पडतो तो भांड्यांमुळे. लागावूलिनची भांडी जवळजवळ काठोकाठ भरून ऊर्ध्वपातन संथपणे करतात. कल-ईलाची भांडी उंच आहेत आणि ती कमी भरली जातात, त्यामुळे वाफेचा तांब्याशी संपर्क वाढतो व जड घटक मागे राहतात. शिवाय ऊर्ध्वपातनाच्या प्रवाहातला मधला भागच व्हिस्कीसाठी घेतात, आणि धुराची संयुगे त्या प्रवाहात उशिरा येतात. त्यामुळे तो मधला भाग कुठे थांबवायचा या एका निर्णयावर धुराचा पोत ठरतो. या दोन ग्लासांतला फरक एकदा नाकाला कळला की प्रदेशाचे नाव कुठपर्यंत पुरते हे वेगळे समजवावे लागत नाही.

आता उरलेल्या प्रदेशांकडे वळतो. स्पेसाइडमध्ये डिस्टिलऱ्यांची दाटी सर्वाधिक आहे, पन्नासच्या आसपास. ग्लेनलिव्हेट आणि ग्लेनफिडिख यांच्यामुळे हिरवे सफरचंद, नासपती, मध अशी प्रतिमा तयार झाली, आणि ती बऱ्याच बाटल्यांना लागू पडते. मात्र ग्लेनफिडिखच्याच डफटाउन गावात, तिच्या शेजारी, मॉर्टलाख आहे. तिची व्हिस्की मांसाच्या रश्शासारखी दाट लागते, कारण तिथे वाफ थंड करायला पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी वापरतात आणि तांब्याचा संपर्क कमी मिळाल्याने जड, गंधकयुक्त घटक शिल्लक राहतात. मॅकॅलनची भांडी लहान आहेत आणि तिच्या नावाजलेल्या बाटल्या शेरी (स्पेनची एक वाइन) मुरवलेल्या ओकच्या पिंपांतून येतात. तिथे सुक्या मेव्याची आणि मसाल्याची चव मिळते. स्पेसाइड म्हणजे हलकी व्हिस्की असे समजून यांपैकी एखादी घेतली तर पुन्हा फसल्यासारखे वाटेल.

हायलँड या नावाखाली तर स्कॉटलंडचा एवढा मोठा भाग येतो की त्यावरून चवीचा अंदाज बांधणे मी सोडूनच दिले आहे. टेन गावाजवळच्या ग्लेनमॉरंजीच्या भांड्यांच्या माना ५.१४ मीटर उंच, स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, आणि म्हणून तिची व्हिस्की नाजूक, संत्र्याच्या फुलांसारखी. तिथून उत्तरेला किनाऱ्याने थोडे वर ब्रोरा गावात क्लाइनलिश आहे, तिची ओळख मेणासारखा स्पर्श. या मेणाचा उगम ऐकून माझे शिकाऊ विद्यार्थी चकित होतात: ऊर्ध्वपातनाच्या मधल्या टप्प्यावरील टाक्यांमध्ये वर्षानुवर्षे साचत जाणाऱ्या तेलकट थरातून तो येतो, आणि एकदा त्या टाक्या घासून स्वच्छ केल्यावर व्हिस्कीतले मेण नाहीसे झाले होते. एका डिस्टिलरीचा सगळा लौकिक एका टाकीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो, आणि नकाशा हे कधीच दाखवू शकत नाही. बेटांपैकी स्कायची टॅलिस्कर काळी मिरी आणि धूर यांच्यासाठी ओळखली जाते, तर ऑर्कनीच्या हायलँड पार्कमध्ये धूर आहे पण आयोडीन नाही. ऑर्कनीच्या उघड्या, वादळी माळावर झाडे वाढत नाहीत. तिथले पीट मुख्यतः हेदर या झुडपाचे, त्यामुळे त्याच्या धुराला गोडसर, फुलांचा वास असतो. ठिकाण चवीत खरोखर उतरते याचे हे मला सर्वांत पटणारे उदाहरण आहे.

कॅम्बलटाउनविषयी मला विशेष आस्था आहे. किंटायर द्वीपकल्पाच्या टोकावरील या लहानशा गावात एकोणिसाव्या शतकात वीसहून अधिक डिस्टिलऱ्या होत्या, कारण बंदर होते, जवळ कोळशाची खाण होती आणि ग्लासगोची बाजारपेठ जहाजाने गाठता येत होती. पुढे खाण आटली, अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी आली, मिश्र व्हिस्कीवाल्यांना इथली जड, तेलकट व्हिस्की नकोशी झाली आणि १९३० च्या दशकाच्या मध्याला फक्त स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कॉशिया उरल्या. २००४ मध्ये ग्लेनगाइल पुन्हा सुरू झाली. तिची व्हिस्की ‘किलकेरन’ नावाने मिळते. स्प्रिंगबँक आपली सगळी बार्ली आजही स्वतःच्या माल्टघराच्या फरशीवर पसरून, फावड्याने उलटीपालटी करून मोड आणते, आणि एकाच छपराखाली तीन व्हिस्की करते: हलक्या धुराची, अडीच वेळा (म्हणजे काही भाग दोनदा, काही तीनदा) ऊर्ध्वपातित ‘स्प्रिंगबँक’, भरपूर धुराची, दोनदा ऊर्ध्वपातित ‘लाँगरो’, आणि बिनधुराची, तीनदा ऊर्ध्वपातित ‘हेझलबर्न’. आपल्याला चवीचा प्रदेश एकाच अंगणात पाहायचा असेल तर तो इथे आहे.

लोलँडबद्दल थोडक्यात सांगता येईल. ऑखेनटॉशनच्या तिहेरी ऊर्ध्वपातनामुळे लोलँड म्हणजे हलकी, गवताळ व्हिस्की असा समज झाला, परंतु ग्लेनकिंची दोनदाच ऊर्ध्वपातन करते. १९९३ मध्ये बंद पडलेली रोझबँक आता पुन्हा चालू झाली आहे आणि गेल्या काही वर्षांत या भागात अनेक नव्या डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांची स्वतःची ओळख अजून घडते आहे.

समुद्राच्या वाऱ्याने व्हिस्कीत खारटपणा येतो, हे आपण वाचले असेलच. मी याबाबत सावध आहे, कारण कल-ईलाचे बरेचसे मद्य टँकरने मुख्य भूमीवर नेऊन तिथे मुरवतात, आणि तरीही तिच्यात ती किनाऱ्याची चव लागते. मुरवण्याच्या जागेचा परिणाम होतो, पण त्यासाठी हवामानात मोठा फरक असावा लागतो. गोव्यात कुंकळ्ळी येथे पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होते. तिथल्या उष्ण, दमट हवेत पिंपातून उडून जाणारे मद्य स्कॉटलंडमधील वार्षिक सुमारे दोन टक्क्यांच्या कित्येक पट असते आणि लाकूड फार लवकर चव देते. स्कॉटलंडच्या दोन प्रदेशांत एवढा फरक नाही. तिथे जागेपेक्षा पिंपाचा हिशेब मोठा: आधी बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) मुरलेले सुमारे २०० लिटरचे पिंप व्हॅनिला आणि नारळाची छटा देते, शेरीचे ५०० लिटरचे पिंप मनुका आणि लवंगेची.

तेव्हा निवड करताना मी हा क्रम पाळतो. पहिले, माल्टला धूर आहे की नाही. दुसरे, पिंप कोणते. तिसरे, त्या डिस्टिलरीची शैली हलकी की जड. प्रदेश चौथा. आपल्याकडे मिळणाऱ्या मिश्र व्हिस्कींनाही हाच क्रम लावता येतो: टीचर्समधला धूर आयलाचा असावा असे अनेकांना वाटते, पण तिचा कणा असलेली आर्डमोर ही अ‍ॅबर्डीनशायरमधील, म्हणजे हायलँडची धुरकट माल्ट आहे; आणि जॉनी वॉकर ब्लॅक लेबलमध्ये कल-ईलाचा धूर, क्लाइनलिशचा स्पर्श आणि स्पेसाइडच्या कार्डूचा गोडवा एकत्र येतात.

बेनरोमाखमधला धूर आपल्याला आवडला की नाही हे आपण लिहिलेले नाही, आणि पुढची बाटली त्यावरच अवलंबून आहे. आवडला असेल तर हायलँड पार्क १२ घ्यावी, मग कल-ईला १२, आणि त्यानंतरच लागावूलिन १६. थेट लफ्रॉइगपासून सुरुवात केल्याने धुराला कायमचे दुरावलेले लोक मी पाहिले आहेत. धूर नको असेल आणि बुनाहाव्हनची सुकामेव्याची, शेरीकडे झुकणारी चव आवडली असेल, तर ग्लेनफारक्लस तिच्या जवळची आहे. काही वेगळे हवे असल्यास क्लाइनलिश १४. पूर्ण बाटलीवर खर्च करण्याआधी शक्य असेल तर एखाद्या चांगल्या बारमध्ये दोन व्हिस्कींचे लहान पेग शेजारी ठेवून घ्यावेत. धुराची नेहमी नंतर घ्यावी, कारण ती आधी घेतली तर दुसरीची चव लागत नाही. प्रत्येक ग्लास आधी तसाच हुंगावा, मग त्यात चमचाभर साधे पाणी घालून पुन्हा हुंगावा. बर्फ मात्र या वेळी टाळावा, कारण थंडीने वास दबतो आणि आपल्याला जो फरक शोधायचा आहे तो बहुतांशी वासातच असतो.